चुकीच्या पद्धतीतली सुनंदा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय म्हणून माझ्याबद्दल बरं मत करून घेऊ नका.

ऐंशीच्या दशकात वाशीतल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये मी शिकवायचे. व्हिडिओ दाखवून शिकवायचं खूळ तेव्हा नवीन होतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला बोलावून आम्ही जखमेच्या ड्रेसिंगची कॅसेट काढली. आधी बरोबर पद्धत, मग चुकीची. बरोबर पद्धत अर्थातच मी करणार — दुसरं कोण?

कॅमेरा चालू असतानाच सुनंदा म्हणाली, "मॅडम, तुमचा हात निर्जंतुक केलेल्या उघड्या ट्रेवरून गेला. परत घ्यावं लागेल." कोपरखैरण्याची मुलगी, बाप तुर्भ्याला कारखान्यात, बॅचमध्ये सगळ्यांत हुशार. बरोबरच होतं तिचं — म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलींनी ऐकलं, त्या शूटिंगवाल्यानंही ऐकलं.

चुकीची पद्धत मी तिलाच करायला लावली. बरोबर काय ते पक्कं ठाऊक असेल तिलाच चूक नीट दाखवता येते, असं वर गोड बोलले. तिनं जीव ओतला. चिमटा चादरीला टेकवला, खाली पडलेला गॉज उचलून जखमेवर ठेवला.

मग नव्या मेट्रन आल्या. कॅसेटला अजून आवाज भरायचा होता, ती तशीच पाहून त्यांना वाटलं मुलींचं रोजचं कामच टिपलंय. "ही मुलगी असं ड्रेसिंग करते?" त्यांनी मला विचारलं. नाही, मीच तिला सांगितलं होतं — एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हटलं, "सुधारेल हळूहळू."

सुनंदाचं वॉर्डमधलं काम बंद झालं, शेवटची परीक्षा सहा महिने पुढे गेली. ती माझ्याकडे आली. "मॅडम, तुमी सांगा ना त्यांना, मी मुद्दाम केलं होतं." मी म्हटलं, "बघते." काय बघितलं मी? महिन्याभरात बाप येऊन तिला घेऊन गेला. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं, शिक्षण तिथंच संपलं. मला वाईट वाटलं का? नाही — ब्याद टळली असं वाटलं.

कॅसेट मात्र राहिली. दरवर्षी नव्या मुलींना लावायचे आणि खेळ घ्यायचे — हिच्या चुका शोधा, जास्त शोधेल तिला पेन. मुली खिदळायच्या. मीही हसायचे.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, पण हिनं हात एकदम बरोबर धुतलेत." खरंच, कोपरापर्यंत धुतले होते. हात चुकीचे धू, असं मी तिला सांगितलं नव्हतं आणि न सांगता तिला ते जमलं नसावं.

पुढच्या बॅचपासून मी कॅसेट हात धुण्याच्या पुढे सरकवून लावायला लागले.