हरवलेली बाटली

शारजातल्या आमच्या युनिव्हर्सिटीत सूचना मोबाइलवर येतात, पण मुलं ऐकतात त्या माइकवरच्या. माइक असतो स्टुडंट अफेअर्समधल्या वसईच्या बाईंच्या हातात. मुलं त्यांना आंटी म्हणतात. परीक्षेचा हॉल बदलला, तरी त्या असं सांगतात की जणू लग्नाचा हॉल बदललाय. सापडलेल्या वस्तूंचा पुकारा तर त्यांचा खास लाडका. “यल्ला, चला लवकर, बाटली घेऊन जा, नाहीतर मी तिच्यात मनी प्लांट लावीन!” त्याच ऑफिसात शेजारच्या टेबलाशी काम करताना मला आधी हे सगळं पोरकट वाटायचं.

एका सकाळी केरळहून फोन आला. पहिल्या वर्षाच्या एका मुलीचे वडील गेले होते.

“तिचं नाव पुकारा आणि इकडे बोलवा,” मी म्हटलं.

“आणि तिने काय झालं असेल म्हणत एवढा लांब कॉरिडॉर एकटीने चालायचा? नाही हो.”

त्यांनी माइक ओढला आणि नेहमीच्याच खेळकर आवाजात त्या मुलीच्या रूममेटला पुकारलं. तुझी बाटली सापडलीय, यल्ला, घेऊन जा.

रूममेट हसतच आली. हातात बाटली होती. “आंटी, माय बॉटल इज विथ मी ओन्ली!”

बाईंनी उठून दार लोटलं, तिला खुर्चीत बसवलं आणि तिचा हात धरून काय झालं ते हळूच सांगितलं. मग म्हणाल्या, “हम दोनों जाएंगे उसके पास. पहले बाटली में पानी भर ले, बेटा. उसको लगेगा.”