मन्मथअप्पा गुरुजींचा परमाणू

मी अकरा वर्षांची असताना मन्मथअप्पा गुरुजींनी मला सेलू स्टेशनच्या सिग्नलपाशी उभे केले आणि ते विसरून गेले. आमची ओळख अशी झाली. माझे वडील स्टेशनात तारबाबू होते, त्यामुळे मी तिथेच खेळत असे. गुरुजींनी शाळेच्या पायरीवर एक सरकी ठेवली होती आणि ते वर्गातल्या मुलांना घेऊन सिग्नलपर्यंत चालत आले होते. मला पाहून म्हणाले, "पोरी, ती सरकी म्हंजे परमाणूचा गाभा. तू परमाणूची कड हाईस. मी हाक मारल्याबिगर हलू नको."

मी हलले नाही. तासाभराने ते धापा टाकत परत आले आणि म्हणाले, "चुकलंच बाई आमचं." दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनी वडिलांना सांगितले की, ही मुलगी संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येईल. पुढे मी ते अंतर पडताळून पाहिले. सरकीच्या मानाने सिग्नल जवळच होता. कड बरीच पुढे गेली असती. गुरुजींना सांगितले तेव्हा ते खूश झाले.

सेलू निजामाच्या राज्यात, त्यामुळे शाळेत शिकवणे उर्दूतून होते. पुस्तकात परमाणूला 'जौहर' म्हटलेले असे. संध्याकाळी ओसरीवर गुरुजी तोच धडा मराठीतून सांगत. आधी परमाणू म्हणजे फुटू न शकणारी गोळी. मग इलेक्ट्रॉन सापडले, तेव्हा लाडवात तीळ बसवावेत तसे ते आत बसवलेले. मग सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण सोडले, त्यातले काही थोडे उलट फिरले, म्हणून मध्ये बारीक, जड गाभा आणि भोवती पोकळी. फळ्यावर नवे चित्र काढताना जुने ते पुसत नसत. त्यावर एकच तिरपी रेघ मारत. खालचे वाचता आले पाहिजे, असा त्यांचा नियम होता. ज्याने ते काढले त्याला तेवढेच दिसले होते, त्याला हसायचे नाही, असेही ते बजावत.

मला हैदराबादला विज्ञान शिकायला पाठवायला वडील तयार नव्हते. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, स्वतः मला वसतिगृहात पोचवायला आले. पहिल्याच तोंडी परीक्षेत गाभ्यात काय असते असे विचारले गेले. मी गुरुजींनी शिकवलेले सांगितले : प्रोटॉन आणि काही इलेक्ट्रॉन. परीक्षक हसले. विद्युतभार नसलेला न्यूट्रॉन सापडून कित्येक वर्षे झाली होती. सेलूला ते पुस्तक पोचले नव्हते, इतकेच.

सुटीत घरी गेले, पण गुरुजींना हे सांगितले नाही. पुढच्या सुटीतही नाही. तिसऱ्या सुटीत सांगितले.

त्यांनी फक्त विचारले, कोणत्या प्रयोगावरून? मी मेणातून उडालेल्या प्रोटॉनांचा प्रयोग समजावून दिला. ते पटल्यावर म्हणाले, "तुला कव्हा कळलं?"

"दोन वर्षं झाली."

"मला वाईट वाटंल म्हणून गप बसलीस. आन मी आणखी दोन वर्गांना चुकीचं सांगितलं."

आवाज चढलेला नव्हता. काकूंनी मला चहा दिला. गुरुजींनी स्वतःचा घेतला नाही.

त्या महिन्यात, पत्ता माहीत असलेल्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला गुरुजींचे कार्ड गेले : 'परमाणूच्या गाभ्यात इलेक्ट्रॉन असतात असे मी तुम्हांस शिकवले. ते तिथे नसतात. विद्युतभार नसलेले कण असतात. दुरुस्ती करून घ्यावी.' चारठाण्याला एकाच्या आईने, गुरुजींचे कार्ड म्हणजे कोणीतरी गेले, असे समजून अंघोळीला पाणी तापत ठेवले. पालमच्या एका शेतकऱ्याने कळवले, "गुरुजी, वही कव्हाच चुलीत गेली, पर डोक्यातलं दुरुस्त केलंय."

मला कार्ड आले नाही. पुढे पाच-सहा वर्षे त्यांची पत्रे येत राहिली. त्यांत तब्येत, पाऊसपाणी, काकूंचे गुडघे. परमाणूविषयी एक ओळ नसे. मीही लिहिले नाही.

यंदा त्यांचे पत्र आले. मी आता सोलापुरात एका गिरणीच्या रसायनशाळेत काम करते. निजामी राज्यात दंगे माजलेत, तरी गुरुजी सेलू सोडायला तयार नाहीत. मुले वर्गात येतात तोवर मी कुठे जाऊ, असे म्हणतात. पत्रात लिहिले होते : 'गाभा फुटतो म्हणजे नेमके काय होते? तुला माहीत असेल ते सगळे लिही. या खेपेला थांबू नकोस.'

मी त्याच दिवशी लिहिले. पत्र निजामाच्या हद्दीवरून परत आले. दुसरे एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडले. ते पोचल्याचे कळले नाही. गुरुजींसाठी निघणारा हा गौरवग्रंथ कोणत्या ना कोणत्या वाटेने त्यांच्या हाती पडेल, म्हणून उत्तर इथे देते. वाचकांनी क्षमा करावी.

न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने गाभा त्याला दूर लोटत नाही. युरेनियमच्या जड गाभ्यात तो शिरला की गाभ्याचे दोन मोठे तुकडे होऊ शकतात. तुकड्यांचे आणि सुटलेल्या न्यूट्रॉनांचे वस्तुमान एकत्र केले तरी ते मूळच्यापेक्षा किंचित कमी भरते. जे कमी भरते ते ऊर्जा होऊन बाहेर पडते. सुटलेले न्यूट्रॉन पुढचे गाभे फोडू शकतात. ज्या बॉम्बने जपानातले शहर जळाले, तो यावरच चालतो. हेही गुरुजींना सांगायला हवे.

याची आकृती मी कागदावर काढलेली नाही. ती मला त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या फळ्यावर काढायची आहे. गाड्या नीट सुरू झाल्या की मी पहिल्या गाडीने सेलूला उतरेन. तोवर गुरुजींची नजर शाबूत राहो, काकूंचे गुडघे त्यांना साथ देवोत, आणि गुरुजींना पुढे इतके आयुष्य लाभो, की आज मी इथे लिहिलेल्यातलेही काही चुकीचे ठरावे आणि ते त्यांना मी समोर बसून सांगावे.