स्वयंपाकघराचा शेवाळी रंग

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. आयुष्यभर एकच काम. पत्र्याच्या पट्ट्यांना रंग लावायचा, त्या खाऱ्या वाफेत कोंडायच्या, गच्चीवर उन्हात तापवायच्या. मग ब्लेडने रेघोट्या मारायच्या, चिकटपट्टी डकवून खर्रकन ओढायची आणि किती रंग निघाला ते बघायचं. मी म्हणायचे, "भाऊजी, घरोघरी पोरं हे फुकट करतात." ते हसायचे नाहीत. विनोद त्यांना उशिरा कळायचा, आणि कळला की ते तो आम्हालाच समजावून सांगायचे.

तरुणपणी या माणसाच्या हातून एक चूक झाली. त्यांनी कधीच न निघणारा रंग बनवला. मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन पट्टीवर किल्ली घासली, तेल ओतलं, काही म्हणजे काही झालं नाही. "उत्तम," साहेब म्हणाले. "पण हा एकदा लावला की गिऱ्हाईक परत कशाला येईल? मला चार वर्षं टिकणारा द्या." भाऊजींनी तसा दिला. तो इतका खपला की साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं.

न निघणाऱ्या रंगाचा डबा भाऊजींनी घरी आणला आणि ताई बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना स्वयंपाकघराच्या चारही भिंतींना फासला. चाचणीचा रंग तो, छटा कोण बघतो? डबक्यावर धरतं तसला शेवाळी. ताई बाळाला घेऊन घरी आली ती दारातच थबकली.

"किती दिवस राहील हा?"

"आयुष्यभर," भाऊजी म्हणाले, आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

ताईने त्यात संसार केला, ब्र काढला नाही. मुलगा परगावी गेला, भाऊजी निवृत्त झाले. ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तसा तो रंगही जरा धुरकट, सुसह्य झाला. मग ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, चारही भिंती नीट पाहिल्या आणि बाहेर येऊन खुर्चीत बसली.

"मला मरायच्या आधी पांढरं स्वयंपाकघर हवंय," ती म्हणाली. "दुसरं काही मी तुमच्याकडे कधी मागितलं नाही." हे खरं होतं, मी साक्षीला आहे.

रंगारी आला. त्याने पांढरा हात मारला, तो वाळला आणि कांद्याच्या सालीसारखा ओट्यावर गळून पडला. घासायला गेला तर घासकागदच गुळगुळीत झाला. टाइल्सही धरेनात. "कोणत्या शहाण्याने लावलाय हो हा?" त्याने विचारलं. भाऊजी खाली बघत म्हणाले, "जुना आहे." आपलेच दात, आपलेच ओठ. प्लास्टर फोडावं तर आत नळाचे पाइप. शेवटी तेच म्हणाले, "मी लावलाय, मीच काढीन."

गच्चीवर बरण्या मांडल्या गेल्या. रोज नवं मिश्रण घेऊन ते ओट्यामागच्या कोपऱ्यात बोळा दाबून बसायचे आणि "नाही निघत" म्हणत बाहेर यायचे. एकदा मी चहा पीत होते, तर स्वारी "नाही निघत" म्हणत आली ती गुणगुणतच. माझं डोकं फिरलं.

"भाऊजी, तुम्हाला तो काढायचाच नाहीये. ताई तिकडे वाट बघतेय, आणि तुम्ही परीक्षेत पास झाल्यासारखे गाताय."

ते हातातला बोळा खाली ठेवत म्हणाले, "मी जे जे बनवलं ते चार वर्षांत जावं म्हणूनच बनवलं गं. टिकलेलं एवढं एकच आहे."

मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. "मग हे तिला सांगा," मी म्हणाले. त्यांनी काही सांगितलं नाही. गुणगुणणं मात्र थांबलं.

तळहाताएवढा तुकडा निघाला त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना हाक मारली. खालचा जुना चुना पांढरा दिसत होता. ताईने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मला वाटलं, आता ही म्हणणार, राहू द्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायका असं म्हणतात.

ताई म्हणाली, "बाकीचा कधी काढताय?"

त्यांनी काढला. नाकाला फडकं बांधून, खिडक्या सताड उघडून, एक ठिपका मागे ठेवला नाही. मग रंगाऱ्याने पांढरा दिला. ताई ओट्यासमोर उभी राहिली आणि चक्क रडली. डोळे पुसून भिंतीला बोट लावत म्हणाली, "हा किती टिकेल?"

भाऊजींनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. डबा त्यांच्याच कारखान्याचा होता. "चार वर्षं. मीच बनवलाय."

"मग बरंय. चार वर्षांनी पिवळा देऊ."

पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, त्याने मनात हिशोब केलाच असणार. "म्हणजे साहेबांचंच बरोबर होतं," ते पुटपुटले. मग हातातलं फडकं घडी करून ठेवलं, ताईशेजारी जाऊन भिंतीकडे बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "पिवळा म्हणजे कोणता?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिला रंग विचारत होते.