पट्टा खुंटीला

“थांबा जरा, पट्टा काढू द्या.”

वडूजच्या चौकीत कुणी तावातावाने भांडायला आलं, की आमचे हवालदार आधी एवढंच म्हणत. कमरेचा पट्टा सोडून ओसरीच्या खुंटीला अडकवत आणि मांडी घालून बसत. “हां. आता बोला.”

मी शेजारच्या मामलेदार कचेरीत कारकून. बेचाळीसनंतरचे ते दिवस तुम्हांला आठवत असतील. शिपायाला उलट बोललं तरी कामावरच्या पोलिसाचा अपमान म्हणून खटला होई. पट्ट्याबद्दल मी विचारलं तेव्हा ते हसले. “पट्टा असला की शिवी सरकारला लागती, भाऊसाहेब. काढला की नुसती मला. मला लय सवय हाय.”

सगळ्यांत जास्त शिव्या एका म्हातारीच्या. तिचा एकुलता मुलगा चळवळीत फरारी होता. दर बाजाराला ती यायची.

“मुडद्या, माझ्या लेकराच्या मागं लागलायस! तुला पोरंबाळं न्हाईत व्हय?”

“न्हाईत, आजी. म्हणून तर तुझं ऐकतोय.”

मग तिला पाणी देत.

एकदा हुकूम आला आणि त्यांना तिच्याच घराची झडती घ्यावी लागली. तिने शेणकाल्याची पाटी त्यांच्या अंगावर ओतली. ते कुणाला बोलले नाहीत, पण फौजदारांच्या कानावर गेलं. खटला उभा राहिला. म्हातारीला तुरुंग ठरलेलाच होता.

जबानी लिहायला मी होतो.

“तुम्ही कामावर होता ना?” खटला चालवणाऱ्या मामलेदारसाहेबांनी विचारलं.

“न्हाई, साहेब. पट्टा काढून तिच्या घरातल्या खांबाला अडकवला हुता. पाणी प्यायला बसलो हुतो.”

ते माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. पट्ट्याच्या पितळी बिल्ल्याच्या खाचेत वाळलेलं शेण होतं. मी ते पाहिलं. मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. मी मान खाली घालून लिहिलं : पट्टा अंगावर नव्हता.

म्हातारी सुटली. कामाच्या वेळी पट्टा काढला म्हणून हवालदारांना बडतर्फ केलं. पेन्शन जेमतेम काही महिन्यांवर आली होती. लोणंदच्या मोटारीत चढताना म्हणाले, “येतो, भाऊसाहेब. अक्षर लय झ्याक हाय तुमचं.”

नव्या हवालदारांनी त्या खुंटीला कधी काही अडकवलं नाही. ओसरीवर आवाज चढला की मी अजून आधी तिकडेच बघतो.

त्याच वर्षी थंडीत जुने हवालदार वारल्याचं कळलं. बाजाराच्या दिवशी म्हातारीला मीच सांगितलं. तिने रिकाम्या खुंटीकडे बघितलं.

“पट्टा न्हाई खुंटीला,” ती म्हणाली. “कामावर असंल.”

आणि एकही शिवी न देता ओसरी उतरून गेली.