संत्रा-सांभार सोड्याला दोन मार्क

जपानमध्ये मी चार वर्षं काढली आणि तिथे एकच व्यसन लागलं, थंड पेयांच्या चित्रविचित्र चवींचं. दर ऋतूत दुकानात नव्या बाटल्या यायच्या, महिनाभर दिसायच्या आणि गायब व्हायच्या. काकडीचा कोला, रताळ्याचा सोडा, चेरीच्या फुलांचं कसलंसं गुलाबी पाणी. मी प्रत्येक बाटली मोबाईलसमोर उघडायचे, घोटभर प्यायचे आणि दहापैकी मार्क द्यायचे. चारच्या वर क्वचितच. "हे पाजलं तर म्हैस बी तोंड फिरवीन," असं वऱ्हाडीत बोलले की राजापेठेतल्या आमच्या घरापासून बडनेऱ्यापर्यंतचे सगळे नातेवाईक खूश. चांगलं म्हटलेला व्हिडिओ कुणी पुढे पाठवत नसे. हे मला लवकर कळलं, आणि मग खरी चव काय लागली याची मी फिकीरच सोडली.

सगळ्यात निष्ठेने बघायचा तो अकोल्याचा मामा. त्याचं सोड्याचं छोटं दुकान होतं. मशीनवर गॅस भरून लिंबू, जिरा असले सोडे तो स्वतः बनवायचा. शेजारच्या दुकानांत काचेचे फ्रीज आले आणि कंपन्यांच्या बाटल्यांनी त्याचं गिऱ्हाईक पळवलं. माझे व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात आलं की आपणही एक चव काढावी, एकाच उन्हाळ्यापुरती. "पयला घोट माह्या भाचीचा," असं तो गल्लीभर सांगत सुटला. माझ्या एका व्हिडिओवर दुकान पुन्हा उभं राहील, अशी त्याला आशा होती. आईने मला ती फोनवर स्पष्ट सांगितली होती, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणायची मला सोय नाही.

सुट्टीत मी अकोल्याला गेले त्या दुपारी दुकानासमोर वीसेक माणसं जमली होती. आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायचं असतं, वय कितीही असो. साठीचा मामा सगळ्यांदेखत वाकला, माझ्या पावलांना हात लावला आणि मग बाटली पुढे केली. संत्र्याचा रस, त्यात सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि काळं मीठ. मी मोबाईल लावला आणि घोट घेतला.

सुरेख होता. जपानमध्ये त्या तोडीचं काही प्यायले नव्हते. पण समोर वीस माणसं हसायला तयार उभी होती.

"मामा, हा सोडा हाये का पातोडीचा उरलेला रस्सा? दोन मार्क. एक बाटलीचा, एक झाकणाचा."

लोक खदाखदा हसले. मामाही हसला. मोबाईल बंद झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "आता खरं सांगा बाई, कसा लागला?"

माणसं अजून ऐकत होती. मी म्हटलं, "खरंच सांगून राहिली."

दुसऱ्या कुणाला त्याने शिव्या घातल्या असत्या. भाचीचा शब्द मात्र त्याच्या लेखी देवाचा. त्याच संध्याकाळी त्याने भरलेल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. "दोन दिवस ठिवा, लोक घेतीन," म्हणून मामी विनवत होती. व्हिडिओ तुफान चालला. गिऱ्हाइकं मुद्दाम येऊन "दोन मार्कांचा सोडा द्या" म्हणायची. पावसाळ्याआधी त्याने मशीन विकलं. मी तो व्हिडिओ काढून टाकला नाही. इतकी माणसं माझा दुसरा कुठलाच व्हिडिओ बघत नव्हती.

पुढच्या सुट्टीत मी खरं सांगायचं ठरवूनच गेले. मामा आता कंपनीच्या बाटल्या विकत होता. त्यातलीच एक थंडगार त्याने मला उघडून दिली.

"मामा, तो सोडा चांगला होता," मी म्हटलं. "लय चांगला होता. मी खोटं बोलली."

तो माझ्याकडे मायेने बघून हसला.

"आता माह्यं मन ठेवून राहिल्या तुमी, बाई. त्या दिवशी खरं सांगतलं तेच बरं केलं. नाईतर म्या आजबी लोकायले तेच पाणी पाजत बसलो असतो."