इशारे कोणाकडे जातात

आमच्या ऑफिसची मेल परत आली की बाकी सगळे समोरच्या पार्टीले शिव्या देत. बाई तेवढ्या चष्मा डोक्यावर सरकवत आणि म्हणत, "त्याचं बरोबर असेल. आपलं काय चुकलं ते बघू."

त्याचं म्हणजे स्पॅमवाल्या फिल्टरचं. तुम्ही कधी शहराबाहेरच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोदामात बसले असाल तर तुमाले माहीतच आहे, तिथं समोरचा बरोबर असू शकते हे कोणी मानतच नाही.

बाई शहरातल्या धरमपेठेच्या. रोज ट्रकांमधून वाट काढत स्कूटीवर येत. मालकानं मेलचं मशीन, सर्व्हर म्हणतात ते, ऑफिसातच ठेवलं होतं, पाण्याच्या कॅनएवढं, आणि ते बाईच सांभाळत. मी तिथं आधी हमाल, कंबर गेल्यावर मेलवाला. चौथीत मास्तरनं आणि मी एकमेकाले सोडलं होतं. कॉम्प्युटरवर मले बसवलं ते हुशार म्हणून नाही. दुसरं काही उचलता येत नव्हतं म्हणून.

काम एवढंच. नरखेडकडून संत्र्याचा ट्रक निघाला की गाडीचा नंबर बाहेरगावच्या व्यापाऱ्याले मेल करायचा. मेल दिसली नाही तर तो गाडी गेटातच घेत नसे.

एका हंगामात आमच्या मेल त्याच्या स्पॅममध्ये पडायले लागल्या. मी ट्रकवाल्याचा इलाज केला. हॉर्न दिला, कोणी सरकलं नाही, पुन्हा दिला. एकच मेल वीस-वीस वेळा पाठवली. फिल्टरले वाटलं असन, हा माणूस पिसाळला. त्याचं बरोबरच होतं.

दोन ट्रक गेटवर उभे राहिले, उन्हात संत्री नरम पडू लागली. मालक बाईच्या टेबलाशी आला. म्हणाला, संध्याकाळपर्यंत ठीक करा, नाही तर उद्यापासून मशीनही नको आणि मशीनवालीही नको.

बाईनं परत आलेली एक मेल उघडून ती कुठून कुठं गेली ते पाहिलं. महिन्याआधी इंटरनेटची लाइन बदलली होती. नवा नंबर मिळाला, पण त्या नंबरवर आमच्या मशीनचं नाव चढवायचं राहून गेलं होतं. म्हणजे गाडी आमची आणि कागद दुसऱ्याच्या नावावर. कोणता चौकीदार सोडन?

मग बाईनं विचारलं, असं झालं की मशीन रोज इशारा पाठवते, ऑफिसच्या मेलच्या डब्यात एकही कसा नाही आला?

आले होते. रोज आले होते. इंग्रजीत, लाल अक्षरात. मले वाटे कोणी लोन देऊन राहिलं. मी एकेक निवडून स्पॅममध्ये टाकत होतो, अगदी मन लावून.

हे मी सांगितलं तेव्हा मालक समोरच उभा. बाईनं चष्मा डोळ्यावर घेतला. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या, "मी यांना ते वाचायला शिकवलंच नाही."

मग लाइनवाल्याले फोन, व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवाल्याले फोन, माझ्या वीस-वीस मेलबद्दल माफी. पाचच्या सुमाराले व्यापाऱ्याचा निरोप आला, मेल दिसली, गाड्या आत घेऊन राहिलो. मालकानं फक्त तीन चहा सांगितले. तिसरा माझा होता, हे मले चहा गार झाल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी बाईनं माझ्या नावाचा डबा काढला. म्हणाल्या, इशारे आता तुमच्याकडे येतील. चार इंग्रजी शब्द वहीत लिहून दिले, हे दिसले की सांगायचं. मी मनात म्हटलं, बाईकडंही येत असतीलच, माझी परीक्षा घेऊन राहिल्या. त्या भीतीनं तीन वर्षं एक इशारा सोडला नाही. लग्नाच्या पंगतीतही मोबाइल पाहत बसे. बायको विचारे, कोणाची वाट पाहून राहिले? मी म्हणे, मशीनची. ती दोन दिवस बोलत नसे.

सांगायले गेलो की बाई नुसतं "बघते" म्हणत. जसं काही सकाळीच वाचून बसल्या आहेत.

यंदा बाई आपल्या पोरीकडं बंगळुरूले गेल्या, कायमच्या. त्यांच्या टेबलावर आता नवा इंजिनीअर बसते. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, इशारे कोणाकडे जातात? मी म्हटलं, बाईकडं, आणि एक कॉपी माझ्याकडं. त्यानं यादी उघडली.

"काका, इथं तर एकच नाव आहे. तीन वर्षांपासून."

"बाईचं?"

"तुमचं."

मालक पलीकडच्या टेबलावर हिशेब पाहत होता. मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "जरा मोठ्यानं वाच गा. मालकाले कमी ऐकू येते."