यंदा दसऱ्याला बोकड नाही

नवा विचार घेऊन घरी परतलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. त्यानं फक्त जेवणाचा विषय काढावा. बाकीचं काम घरची मंडळी करतात!

मी विलायतेत शिकून देवासला परतलो तो एक निश्चय करूनच. प्राण्यांचं काहीही खायचं नाही. मांस नाहीच, पण दूध-तूपही नाही. आल्या आल्या जाहीर केलं, "यंदाची दसऱ्याची पंगत संपूर्ण वनस्पतींची!"

आमचे आबासाहेब, म्हणजे माझे वडील, दरबारचे मानकरी. दसऱ्याला आमच्या देवीपुढे बोकड पडायचा आणि त्याच्याच रश्श्यावर सगळे भाऊबंद जेवायचे. आबासाहेबांनी माझं लेक्चर शेवटपर्यंत ऐकलं. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "कर. देवीपुढे कोहळा कापू. पंगत नीट पार पडली, तर या घरात पुन्हा बोकड कापणार नाही. पण एक जरी पाहुणा अर्धं पान टाकून उठला, तर पुढच्या दसऱ्याला तलवार तू धरायचीस!"

बोकड आधीच आणून मागच्या अंगणात बांधला होता. तो निवांत पाला चघळत होता. घास माझ्याच घशाखाली उतरेना.

*

आमचा आचारी भेरूलाल अस्सल माळव्याचा. कणकेचे गोळे उकडायचे, निखाऱ्यावर भाजायचे आणि तुपात बुडवायचे, हे त्याचे बाफले. मी म्हटलं, "बाफले कर, पण तूप नको."

त्यानं हातातला झारा खाली ठेवला. "घी के बिना बाफला? तो डुबाऊँ किसमें, भैयासाहेब?"

"तिळाच्या तेलात."

"तेल तो हनुमानजी का! नहीं तो घुटने का!"

*

आईसाहेबांची काळजी निराळी. "पानावर तूप पडल्याशिवाय अन्नशुद्धी होत नाही. मग पंगतीनं अन्नाला हात लावायचा कसा?"

मी म्हटलं, "तुपाऐवजी लिंबू पिळू."

"लिंबानं दृष्ट काढतात रे!" त्या क्षणभर थांबल्या, माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. "पण आणून ठेव. तुझी काढावी लागेल."

*

रश्श्यासाठी सुरण ठरला. मसाला घरचाच, मटणाचा. आधी एकदा ट्रायल घेतली. आबासाहेब, धाकटे काका आणि मी जेवायला बसलो. दोन घास झाले आणि तिघंही गप्प. मला वाटलं, चव जमली! तेवढ्यात काका खाकरले. मग मी. मग आबासाहेब. सुरणाला चिंच कमी पडली होती. तिघांचेही घसे असे खाजू लागले की कुणाला धड बोलता येईना.

आबासाहेबांनी गुळाचा खडा तोंडात धरला. बऱ्याच वेळानं आवाज फुटला तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं बोकड खाल्ले. मेल्यावर एकानंही असा सूड घेतला नाही!"

*

आमच्या घरी बोकड नाही, ही बातमी गावभर झाली. देवासला तेव्हा दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. अर्धं गाव यांचं, अर्धं त्यांचं. या पातीतली बातमी त्या पातीत पोचेपर्यंत तिचं रूप बदलायचं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी धाकट्या पातीतल्या चार-पाच बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून दारात हजर! आल्या आल्या त्यांनी आईसाहेबांना मिठी मारली आणि हुंदके द्यायला सुरुवात केली.

मराठ्याच्या घरी दसऱ्याला बोकड नाही म्हणजे सुतक, दुसरं काय असणार?

"कोण गेलं हो?" त्यांनी विचारलं.

आबासाहेब बैठकीतूनच ओरडले, "कुणी गेलं नाही! बोकड जिवंत आहे, त्याचंच सुतक!"

*

खरी धास्ती होती ती मामासाहेबांची. आईसाहेबांचे हे थोरले भाऊ धार संस्थानात असायचे. एका लग्नात रस्सा पातळ निघाला म्हणून ते भर पंगतीतून उठून गेले होते. ते येणार हे कळल्यापासून मी रोज अंगणात जाऊन त्या बोकडाची माफी मागत होतो.

दसऱ्याला पंगत बसली. सुरणाला या वेळी चिंच सढळ होती. मामासाहेबांनी हात घातल्याशिवाय कुणी घास घेईना. त्यांनी भात-रस्सा कालवला, खाल्ला. दुसरा घास घेतला. बाफला मोडून तेलाकडे बराच वेळ पाहिलं, तोही खाल्ला. मी खांबाला टेकून उभा होतो.

इतक्यात मागच्या अंगणातून बोकड ओरडला.

मामासाहेबांचा हात थांबला. "हे कोण?"

"यंदाचा बोकड," आबासाहेब म्हणाले.

मामासाहेबांनी पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि उठले! अर्धं पान तसंच. उष्ट्या हातानं सरळ मागच्या दारी गेले. पंगतीत कुणी हलेना. आबासाहेबांनी भिंतीवरच्या तलवारीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी डोळे मिटून घेतले.

खुरांचा आवाज आला म्हणून उघडले. मामासाहेब डाव्या हातात दोरी धरून बोकडाला आत आणत होते. त्यांनी त्याला आपल्या शेजारच्या खांबाला बांधलं, पुन्हा पाटावर बसले आणि रश्श्याची वाटी पुढे केली.

"भैया, बघतोस काय? एक पान आणखी मांड. दरसाल हा पानात असतो. यंदा पानावर बसू दे!"